३१ वर्षं लांबलेलं उत्तर : आवाज कुठून आला हे कानाला कसं कळतं?

पेटची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात : "रिसर्च गॅप शोधायची कशी?" सिनॉप्सिसमध्ये त्यासाठी एक रकाना असतो आणि बहुतेक जण त्यात एकच वाक्य भरतात : 'या विषयावर अमुक जिल्ह्यात अभ्यास झालेला नाही.' जिल्हा बदलला की नवी गॅप तयार. आज मी माझ्या विषयाच्या, म्हणजे श्रवणाच्या, इतिहासातली एका वेगळ्या जातीच्या गॅपची गोष्ट सांगतो. यातल्या माणसाला स्वतःच्याच प्रयोगात आणि स्वतःच्याच गणितात मेळ बसताना दिसत नाही. तो ते तसंच लिहून ठेवतो. उत्तर येतं ३१ वर्षांनी, आणि तेही त्याच्याच हातून.

आधी प्रश्न काय आहे ते बघू. डोळ्याला दिशा आयतीच मिळते. मागच्या पडद्यावर चित्र उमटतं, उजवीकडची वस्तू पडद्याच्या एका भागावर आणि डावीकडची दुसऱ्या भागावर. कानालाही पडदा असतो, पण त्यावर चित्र उमटत नाही. तो फक्त आत-बाहेर हलतो. पुढे आतल्या कानात आवाजाची वर्गवारी होते ती जाड-बारीक अशी, म्हणजे वारंवारतेप्रमाणे. 'हा आवाज डावीकडचा' असं सांगणारी जागा आतल्या कानात कुठेच नाही. तरीही मागून रिक्षा आली तर आपण बरोबर बाजूला होतो, आणि पानांत लपलेला कोकीळ दिसला नाही तरी कोणत्या झाडावर आहे हे बोट करून दाखवतो. याचा अर्थ दिशा कानात येत नाही, ती नंतर काढली जाते. कशावरून?

सर्वात सोपं उत्तर १८ व्या शतकाच्या अखेरीस मिळालं होतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना व्हेंचुरी नळी माहीत असते, त्याच इटालियन व्हेंचुरीने हे काम केलं. मोकळ्या मैदानात माणसाला डोळे बांधून उभं करायचं, लांबून बासरी वाजवायची आणि दिशा विचारायची. त्याचा निष्कर्ष असा की दोन कानांवर पडणारा ठसा सारखा नसतो, आणि त्या फरकावरून दिशा कळते. आवाज उजवीकडून आला तर उजव्या कानाला जास्त, डाव्या कानाला कमी, कारण मधे डोकं आडवं येतं. इतकं स्वच्छ उत्तर असल्यावर पुढची पाऊणशे वर्षं फारसं कोणी खोदलं नाही, यात नवल नाही.

आता येतात लॉर्ड रॅले. मूळ नाव जॉन विल्यम स्ट्रट, जन्म १८४२, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या टर्लिंग इथे मोठी वडिलोपार्जित जमीन. प्रयोगशाळा घरातच. आजारपणातून उठल्यावर हवापालटासाठी नाईल नदीवर बोटीत राहायला गेले आणि तिथे 'थिअरी ऑफ साउंड' लिहायला घेतलं. (फेलोशिपशिवाय संशोधन करायचं तर जमीनदार असणं सोयीचं, हे आपण मान्य करून पुढे जाऊ.) ते दोन खंड १८७७-७८ मध्ये आले आणि ध्वनिशास्त्र शिकणारे आजही ते उघडतात.

१८७६ मध्ये त्यांनी दिशेच्या प्रश्नावर एक छोटा निबंध वाचला. प्रयोगाची जागा घराजवळची हिरवळ. मधोमध रॅले स्वतः, डोळे मिटून. भोवती मदतनीस गोल करून उभे. त्यांच्यापैकी एकाने बोलायचं आणि रॅलेंनी बोट दाखवायचं. माणसाच्या बोलण्याची दिशा बिनचूक कळली; एखादा शब्दसुद्धा पुरला. मग त्यांनी नादकाटे आणले. नादकाट्याचा आवाज शुद्ध असतो, त्यात जवळजवळ एकच वारंवारता. इथे मजा झाली. आवाज डावीकडचा की उजवीकडचा, हे लगेच कळायचं. पण समोरचा की मागचा, हे मात्र कळेना.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. नादकाटा वाजवताना 'टक्' असा आघाताचा आवाज होतो, आणि त्या टक् वरूनच दिशा कळली तर शुद्ध स्वराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. म्हणून त्यांनी दोन बाजूंना दोन मदतनीस उभे केले, दोघांकडे सारखे काटे. इशारा झाला की दोघांनीही काटा वाजवायचा, पण एकानेच तो अनुनादकावर धरायचा. टक् दोन्हीकडून, स्वर एकाच बाजूने. मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण 'कंट्रोल'ची व्याख्या पाठ करतो. ही त्याची दीडशे वर्षांपूर्वीची दोन माणसांत भागवलेली आवृत्ती.

आता गॅप कुठे आहे ते बघा. त्यांचे काटे मध्य सप्तकातल्या 'सी' स्वराचे होते, साधारण २५६ हर्ट्झ. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे या स्वराची तरंगलांबी झाली १.३३ मीटर. आपलं डोकं रुंदीला जेमतेम १७-१८ सेंटीमीटर. इतक्या लांब लहरीला एवढासा अडथळा म्हणजे समुद्राच्या लाटेला किनाऱ्यावरचा खांब. लाट खांबाला वळसा घालून पलीकडे जशीच्या तशी पोचते, खांबामागे कोरडी जागा राहत नाही. गोलाकार अडथळ्यामागे आवाजाची सावली किती पडते याचं गणित खुद्द रॅलेंनीच केलं होतं, आणि त्या गणिताप्रमाणे एवढ्या खालच्या स्वराला डोक्याची सावली नगण्य. दोन कानांवरच्या तीव्रतेत फरक जवळजवळ नाहीच. मग डावं-उजवं इतकं चटकन कळलं कशावरून?

तीव्रतेचा सिद्धांत म्हणत होता की कळायला नको. कान म्हणत होते की कळतंय. रॅलेंनी दोन्ही गोष्टी कागदावर मांडल्या आणि प्रश्न तिथेच राहिला.

तुम्ही म्हणाल, वेळेचा फरक त्यांना सुचला नसेल का? उजवीकडचा आवाज उजव्या कानावर आधी पोचतो, डाव्यावर किंचित नंतर. अगदी काटकोनात बाजूने आलेल्या आवाजाला हा फरक जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. सलग चाललेल्या स्वरात 'आधी' आणि 'नंतर' असं काही उरत नाही, पण एका कानातली लहर दुसऱ्या कानातल्या लहरीच्या थोडी पुढे असते. हाच फेजमधला फरक, पाठ्यपुस्तकात ज्याला कलांतर म्हणतात तो. कल्पना अवघड नव्हती. पण वाटेत हेल्महोल्ट्झ उभे होते.

हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांचं स्वरसंवेदनांवरचं पुस्तक १८६३ चं. आपल्या सी. व्ही. रामन यांनी स्वतःवर सर्वाधिक प्रभाव टाकणारी जी तीन पुस्तकं सांगितली, त्यांतलं एक हे, यावरून त्याचं वजन लक्षात यावं. हेल्महोल्ट्झ यांचं म्हणणं थोडक्यात असं : कान म्हणजे अनेक तारांचं वाद्य, प्रत्येक तार एका वारंवारतेला कंप पावते, आणि चेतातंतू मेंदूला इतकंच कळवतात की कोणती तार किती जोरात हलली. कुठली लहर कुणाच्या पुढे आहे आणि कुणाच्या मागे, याची नोंद होत नाही. म्हणून स्वरातल्या वेगवेगळ्या घटकांची फेज बदलली तरी स्वराचा पोत तोच राहतो.

हे विधान एका कानाबद्दल आणि स्वराच्या पोताबद्दल होतं. पण प्रतिष्ठेच्या माणसाचं विधान लांबवर पसरतं. 'कानाला फेज कळत नाही' असं त्याचं सुटसुटीत रूप झालं आणि ते दोन कानांमधल्या तुलनेलाही लावलं गेलं. उलट पुरावा नव्हता असं नाही. जर्मनीत डोव्हे यांनी १८३९ च्या सुमाराला दाखवलं होतं की दोन कानांत किंचित वेगळे दोन स्वर सोडले तर बाहेर न मिसळताही डोक्यात त्यांचे ठोके ऐकू येतात. इंग्लंडमध्ये सिल्व्हानस थॉम्प्सन यांनी १८७० च्या दशकाच्या शेवटी असेच प्रयोग केले, आणि दोन कानांत एकच स्वर उलट्या फेजने दिला तर तो डोक्याच्या मागच्या भागात ऐकू आल्यासारखा वाटतो असं नोंदवलं. आता हे वाचताना वाटतं, अहो, यात उत्तर दिसतंय की! पण तेव्हा या गोष्टी 'गमतीदार निरीक्षणं' या फडताळात गेल्या. लिटरेचर रिव्ह्यू करताना जुन्या पेपरांच्या शेवटच्या पानावर, तळटिपांत, अशा गमती जरूर बघत जा.

मधल्या काळात रॅले रिकामे बसले नव्हते. आकाश निळं का दिसतं यावरचं काम झालं, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचं प्रमुखपद झालं, १८९४ मध्ये रॅमसे यांच्याबरोबर आर्गॉन सापडला आणि १९०४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं. त्यानंतर, वयाच्या पासष्टीत शिरताना, त्यांनी पुन्हा नादकाटे हातात घेतले.

१९०७ चा निबंध 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आहे. या वेळी काटे आणखी खालच्या स्वराचे, १२८ हर्ट्झ, विजेवर सतत कंप पावणारे. दोन काट्यांत अगदी किंचित फरक ठेवलेला. एकाचा आवाज नळीतून एका कानात, दुसऱ्याचा दुसऱ्या कानात. किंचित फरकामुळे काय होतं, तर एक लहर हळूहळू दुसरीच्या पुढे जाते, मग मागे पडते, पुन्हा पुढे जाते. तीव्रता दोन्हीकडे सारखीच राहते, बदलते ती फक्त फेज. आणि आवाज डोक्यात उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे असा झोके घेऊ लागला. ज्या कानातली लहर पुढे, त्या बाजूला आवाज.

हेडफोन आणि मोबाइलवरचं टोन जनरेटर ॲप असेल तर हा प्रयोग तुम्ही आत्ता करू शकता. एका कानात १२८ हर्ट्झ, दुसऱ्यात १२८.२. पाच सेकंदांत एक फेरी. आवाज मात्र बेताचा ठेवा.

रॅलेंना हा निकाल मनापासून आवडला असेल असं निबंध वाचून वाटत नाही. कारण त्याची किंमत मोठी होती. फेज कळते म्हणजे चेतातंतू फक्त 'किती जोरात' एवढंच कळवत नाहीत, लहरीचा ठेका जसाच्या तसा मेंदूपर्यंत नेतात. त्या काळाच्या शरीरशास्त्राला हे अवघड होतं. तरीही त्यांनी ते मान्य करून लिहिलं. त्याच निबंधात मर्यादाही आली : स्वर चढवत नेला तसा हा परिणाम पुसट होत गेला. ते साहजिक आहे. लहर आखूड झाली की ती कानांमधल्या अंतरात अर्धी, पाऊण, पूर्ण मावू लागते, आणि मग एक लहर दुसरीच्या पाव फेरा पुढे आहे की पाऊण फेरा मागे हे सांगता येत नाही. पण बरोबर तिथेच डोक्याची सावली गडद व्हायला लागते. खालच्या स्वरांना वेळ, वरच्या स्वरांना तीव्रता. यालाच पुढे द्विसूत्री सिद्धांत म्हणायला लागले, आणि आजही कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे प्रकरण इथूनच सुरू होतं.

यानंतर महायुद्ध आलं, आणि विषय बागेतून थेट खंदकात गेला. रडार यायचं होतं. शत्रूची तोफ कुठे आहे हे कळण्याचं एक साधन म्हणजे कान. बर्लिनमध्ये एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि माक्स वेर्थायमर यांनी १९१५ मध्ये एक उपकरण बनवलं. तत्त्व सोपं : दोन कानांतलं अंतर वाढवलं तर वेळेतला फरक वाढतो, आणि दिशा जास्त बारकाईने कळते. माणसाचे कान दूर सरकवता येत नाहीत, पण लांब दांड्याच्या दोन टोकांना कर्णे लावून नळ्या कानाशी आणता येतात. वेर्थायमर म्हणजे गेस्टाल्ट मानसशास्त्राचे संस्थापक, आणि हॉर्नबोस्टेल संगीतशास्त्रज्ञ. फोनोग्राफवर मुद्रित केलेल्या भारतीय चालींवर हॉर्नबोस्टेल यांनी ओट्टो आब्राहाम यांच्याबरोबर १९०४ मध्ये निबंध लिहिला होता. १९२० मध्ये हॉर्नबोस्टेल आणि वेर्थायमर यांनी आपला सिद्धांत छापला. तोफेचा आवाज सलग स्वर नसतो, एक धक्का असतो, त्यामुळे त्यांनी फेजऐवजी सरळ वेळेची भाषा वापरली : पहिल्या कानावर आवाज पोचल्यापासून दुसऱ्यावर पोचेपर्यंतचा वेळ. माझ्या मते रॅलेंच्या कामानंतरची ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि इंग्रजी पुस्तकांत तिला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही.

रॅलेंच्या सिद्धांताची खरी कसोटी लागली हार्वर्डमध्ये. स्टीव्हन्स आणि न्यूमन यांचा १९३६ चा पेपर. अडचण अशी होती की बंद खोलीत भिंतींवरून आवाज परततो आणि शुद्ध स्वराची दिशा पार बिघडते. तेव्हा प्रतिध्वनीरहित खोल्या सहज मिळत नव्हत्या. मग यांनी जीवशास्त्र प्रयोगशाळेच्या इमारतीच्या गच्चीवर एक उंच फिरती खुर्ची बसवली, ऐकणाऱ्याला त्यावर चढवलं, आणि लांब दांड्यावर लाउडस्पीकर लावून तो त्याच्याभोवती फिरवला. वर आकाश, खाली लांबवर गच्ची, आवाज परत यायला जागाच नाही. निकाल : खालच्या स्वरांना चुका कमी, खूप वरच्या स्वरांनाही कमी, आणि मधे, ३००० हर्ट्झच्या आसपास, सगळ्यात जास्त. तिथे फेज निरुपयोगी झालेली असते आणि सावली अजून पुरेशी पडलेली नसते. दोन सूत्रांच्या सांध्यावर माणूस गोंधळतो. सिद्धांत बरोबर असेल तर चुका नेमक्या कुठे पडायला हव्यात हे आधी सांगता येणं, आणि त्या तिथेच पडणं, यापेक्षा चांगला पुरावा क्वचित मिळतो.

समोर की मागे, हे रॅलेंच्या हिरवळीवरचं दुसरं कोडं मात्र तसंच होतं. बरोबर समोरचा आवाज आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांवर एकाच वेळी, सारख्याच जोराने पडतात. दोन कानांची तुलना इथे हात टेकते. याची दोन उत्तरं निघाली. १९४० मध्ये हान्स वालाख यांनी डोक्याच्या हालचालीकडे बोट दाखवलं. तुम्ही मान किंचित उजवीकडे वळवली तर समोरचा आवाज डाव्या कानाच्या बाजूला सरकतो, मागचा उजव्या. त्यांनी डोक्याला असं यंत्र जोडलं की डोकं वळेल तसा आवाज एका लाउडस्पीकरवरून दुसऱ्यावर जाईल आणि कायम नाकासमोर राहील. मान कितीही वळवली तरी दोन कानांतला फरक बदलत नाही, असा खरा आवाज फक्त एकाच ठिकाणचा असू शकतो : बरोबर डोक्यावरचा. ऐकणाऱ्यांना आवाज खरोखरच वरून आल्यासारखा वाटला. हल्लीच्या महागड्या इअरबड्समध्ये मान वळवली की गाणं जागेवर थांबतं ना, त्यामागचं तत्त्व हेच.

दुसरं उत्तर बाह्यकर्णात, म्हणजे मास्तर ज्याला धरून पिळायचे त्या भागात मिळालं. त्याच्या घड्यांवर आपटून आवाजातल्या वरच्या काही वारंवारता दबतात, काही उठतात, आणि हा बदल आवाज वरून, खालून, पुढून की मागून आला यावर ठरतो. नादकाट्यात एकच वारंवारता, तीही खालची. तिच्यावर घड्यांची छाप पडतच नाही. म्हणून रॅलेंना बोलणं नीट ओळखता आलं आणि काटा नाही. बाह्यकर्णाची प्रत्येकाची ठेवण वेगळी, त्यामुळे ही छापही ज्याची त्याची. १९९८ मध्ये हॉफमन, व्हान रिस्विक आणि व्हान ऑपस्टल या डच संशोधकांनी माणसांच्या कानात साचे बसवून ही ठेवणच बदलली. वर-खालची जाण तत्काळ गेली. डावं-उजवं शाबूत. साचे सतत घालून काही आठवड्यांत त्यांना वर-खाली पुन्हा कळू लागलं, म्हणजे मेंदू नवे कान शिकला. गंमत पुढे आहे : साचे काढल्यावर जुने कान लगेच चालू झाले, ते पुन्हा शिकावे लागले नाहीत. जुनी लिपी न विसरता नवी लिपी शिकावी, तसं.

जागेच्या जाणिवेबद्दल थोडंच सांगतो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. खोलीत प्रत्येक आवाज भिंतींवरून अनेकदा परततो, मग आपल्याला दहा दिशांनी दहा आवाज का ऐकू येत नाहीत? अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १९ व्या शतकाच्या मध्यात भिंतीसमोर टाळ्या वाजवून बघितल्या. भिंत सुमारे ३० फुटांपेक्षा जवळ आली की प्रतिध्वनी वेगळा ऐकू येईना. १९४९ मध्ये वालाख, न्यूमन आणि रोझेन्झ्वाइग यांनी याचा नियम सांगितला : काही मिलिसेकंदांच्या आत येणाऱ्या नकलांमध्ये पहिल्याची दिशा धरली जाते, मागच्या त्यात विरघळतात. विजापूरच्या गोलघुमटात नेमकं उलट होतं. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, पलीकडे जाऊन परत यायला आवाजाला एक पंचमांश सेकंदाहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे नकला विरघळत नाहीत, सुट्या सुट्या ऐकू येतात. (रामन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा कुजबुज-घुमटांवर काम केलं, त्यात गोलघुमटही होता.)

आता मूळ धाग्याकडे. रॅलेंनी सांगितलं की मेंदूला वेळेतला फरक कळतो. पण कसा? १९५८ मध्ये मिल्स यांनी मोजलं की समोरच्या दिशेत माणसाला साधारण १ अंशाचा फरक कळतो. वेळेत हे होतात सुमारे १० मायक्रोसेकंद. चेतापेशीचा एक विद्युत-स्पंदच १ मिलिसेकंदाच्या घरात असतो, म्हणजे त्याच्या शंभरपट. दिवस मोजणाऱ्या कॅलेंडरवर पाव तास वाचण्यासारखं हे आहे.

१९४८ मध्ये लॉइड जेफ्रेस या मानसशास्त्रज्ञाने कागदावर एक रचना काढली. दोन्ही कानांकडून येणारे तंतू एकमेकांसमोरून येतात, वाटेत चेतापेशींची ओळ. प्रत्येक पेशी तेव्हाच पेटते जेव्हा दोन्हीकडचे संदेश तिच्यावर एकदम पोचतात. उजव्या कानात आवाज आधी आला तर तिकडचा संदेश ओळीत जास्त लांब चालून येतो आणि भेट डाव्या टोकाजवळ होते. कुठली पेशी पेटली यावरून दिशा. दोन गावांहून एकमेकांकडे निघालेल्या दोन एसटी कुठे भेटल्या यावरून कोणती किती आधी सुटली हे ओळखण्याचं, शाळेतलं तेच गणित. जेफ्रेस यांच्याकडे अशा ओळीचा एकही पुरावा नव्हता. तो ४० वर्षांनी मिळाला, गव्हाणी घुबडात. मासाकाझू कोनिशी आणि एरिक नुडसेन यांनी १९७८ मध्ये घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या दिशांचा नकाशा दाखवला, आणि १९८८ मध्ये कॅथरीन कार व कोनिशी यांनी तंतूंची ती मांडणी, जवळजवळ जेफ्रेस यांच्या चित्रासारखी. अंधारात नुसत्या चाहुलीवर उंदीर पकडणारा पक्षी आणि कागदावरचं चित्र, दोन्ही जुळलं. पाठ्यपुस्तकात माणसाच्या प्रकरणातही तेच चित्र छापलं जाऊ लागलं.

आणि मग पुन्हा मेळ बसेना. २००१ मध्ये मॅकअल्पाइन आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या मेंदूत मोजमाप केलं. अनेक पेशी सगळ्यात जास्त पेटत होत्या अशा वेळफरकाला, जो त्या प्राण्याच्या एवढ्याशा डोक्यात घडूच शकत नाही. दिशेचा नकाशा असेल तर डोक्याबाहेरच्या दिशांसाठी पेशी कशाला? २००२ मध्ये म्युनिकच्या गटाने जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात दाखवलं की हा वेळफरक नुसत्या तंतूंच्या लांबीवरून ठरत नाही, पेशीला दाबणारे रोधक संदेशही तो ठरवतात. ते औषधाने बंद केले की पेशींचा आवडता वेळफरक शून्याकडे सरकला. यातून दुसरं चित्र पुढे आलं : सस्तन प्राण्यांत नकाशा नसावा, मेंदूच्या दोन बाजूंच्या पेशीसमूहांपैकी कोण किती जास्त पेटलं याची तुलना असावी. माणसात नेमकं काय, यावर वाद चालू आहे. परिषदेत या विषयाचं सत्र असेल तर शेवटच्या रांगेत बसू नका, मजा पुढे असते.

हा वाद फक्त प्रयोगशाळेतला नाही. बहिऱ्या मुलांना बसवतात ते कॉक्लिअर इम्प्लांट आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागतं आणि प्रत्येक पट्टीत 'किती जोरात' एवढंच चेतातंतूंना कळवतं. लहरीचा बारीक ठेका बहुतेक उपकरणांत गाळला जातो. शब्द कळायला तेवढं पुष्कळ होतं. आपल्याकडे खर्चामुळे बहुतेकदा एकाच कानात इम्प्लांट बसतं, तिथे तुलनेचा प्रश्नच येत नाही. पण दोन्ही कानांत बसवलेल्यांनाही डावं-उजवं कळतं ते मुख्यतः तीव्रतेवरून. वेळेतला फरक त्यांना फार कमी वापरता येतो. दोन कानांवरची दोन यंत्रं सहसा आपापल्या घड्याळावर चालतात, एकमेकांशी मायक्रोसेकंदांपर्यंत जुळलेली नसतात. म्हणजे या मुलांचा मेंदू आज १८६३ च्या कानातून ऐकतो आहे. १९०७ चा कान त्यांना कसा द्यायचा, म्हणजे ठेका कोणत्या तारेतून, किती वेगाने आणि दोन्हीकडे एकाच घड्याळावर कसा पाठवायचा, यावर सध्या अनेक गट काम करत आहेत. त्यांच्या प्रयोगांत ऐकणाऱ्यांना विचारलं जातं ते तेच, जे टर्लिंगच्या हिरवळीवर विचारलं गेलं : डावीकडून की उजवीकडून?